मिस हॉबडेची आंघोळ

क्लाइव्ह ट्रेगेन्झाने आपली कोंबडी धुवायला दुसऱ्या कुणाच्या हातात दिल्याचं आमच्या वॉरिंगलमध्ये कुणीच पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्यामुळे शुक्रवारी सकाळी तो माझ्या दारात उभा राहिला, उजवा हात प्लास्टरमध्ये आणि डाव्या काखेत पुठ्ठ्याचं खोकं, तेव्हा मी हाताआधी खोक्याकडेच पाहिलं.

“दार पूर्ण उघड ना, ग्लेनिस. तिला थंडी वाजतेय.”

“आणि तुझ्या हाताला काय झालं?”

“मनगट मोडलं. खाद्याच्या पिंपावर चढलो होतो.”

“अठ्याहत्तराव्या वर्षी पिंपावर?”

“चौऱ्याहत्तराव्या वर्षी चढलो तेव्हा पडलो नव्हतो. धर हिला आधी.”

खोक्यात मिस हॉबडे होती. क्लाइव्ह आपल्या कोंबड्यांना लहानपणीच्या शिक्षिकांची नावं देतो. ही मुख्याध्यापिका. डोक्यावर केसांचा ढीग आणि कुणाकडे न बघता चालणं, असं दोघींत सारखं होतं म्हणे. पाच वर्षांची पांढरी, दाढीवाली सिल्की, म्हणजे रेशमी केसांसारख्या पिसांच्या जातीची. दुसऱ्या दिवशी आमच्या कोंबड्या पाळणाऱ्यांच्या क्लबचं हिवाळी प्रदर्शन होतं आणि एका हाताने सिल्की धुता येत नाही.

“मीच का?” मी विचारलं. “त्याच गटात माझी कोंबडी ट्रेसी आहे, हे तुला माहीत आहे.”

“माहीत आहे,” तो म्हणाला. “तीन वाजता येतो न्यायला.” आणि मुलीच्या गाडीत जाऊन बसला.

आता खरं काय ते सांगून टाकते. पुढच्या आठवड्यात क्लाइव्ह मुलीकडे, नरेलकडे, जिलाँग शहरात कायमचा राहायला जाणार होता. नरेलच्या त्या इमारतीत साधा पोपट ठेवायलासुद्धा बंदी. क्लाइव्हकडे चौदा पांढऱ्या सिल्की होत्या. चाळीस वर्षं एकेक पीस बघून, एकेक जोडी जुळवून उभी केलेली वंशावळ. ती तो विकणार नव्हता. आमच्यात अशी वंशावळ विकत नाहीत, विश्वासाने हातात देतात. कुणाला देणार ते तो शनिवारी, प्रदर्शनात सांगणार होता. नावं दोनच होती, माझं आणि केरिन डफील्डचं. केरिन दुधाचा टँकर चालवते, बत्तीस वर्षांची आहे, आणि क्लबात येऊन तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

मला ते पक्षी हवे होते. नवऱ्यानंतर इतकं मनापासून मी काही मागितलं नव्हतं. अकरा वर्षं मी क्लाइव्हच्या मागे दुसरी आले होते. ते पक्षी माझ्या आवारात आले असते तर ती अकरा वर्षं फुकट गेली नाहीत असं मला वाटलं असतं.

त्यात माझ्या जिभेला हाड नाही. सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली की माणूस असाच होतो. मागच्या वर्षीच्या प्रदर्शनात, पुन्हा एकदा दुसरी आल्यावर, दोन ग्लास वाइन पोटात गेल्यावर मी भर टेबलावर म्हणाले होते, “क्लाइव्ह, एक दिवस तुझ्या त्या मुख्याध्यापिकेला निळीच्या बादलीत बुडवते की नाही बघ!” सगळे हसले. आमचा सेक्रेटरी नोएल ब्रॅकेट सगळ्यांत जास्त वेळ हसला. नोएल वर्गणीची तारीख विसरतो, पण असलं बोलणं विसरत नाही.

असो. मागच्या खोलीत, जिथे कपडे धुते तिथे, मी तीन बादल्या मांडल्या. बाहेर गवतावर अजून दहिवर होतं. पहिल्या बादलीत कोमट पाणी आणि बाळांचा शाम्पू. दुसऱ्या बादलीत पाणी आणि व्हिनेगरचा शिडकावा, म्हणजे साबण पुरता निघतो. तिसऱ्या बादलीत नीळ. पांढऱ्या सिल्कीवर ऊन, माती आणि मक्याची पिवळट झाक चढते. ती मारायला निळीचे चार थेंब लागतात. तीन थेंबांनी भागत नाही आणि पाच जास्त होतात.

दुसऱ्याचा पक्षी आपल्या घरी धुवायला आला तर स्वच्छ पाण्यात तो आधी उतरतो, आपला मागून. ही आमच्यातली रीत आहे. मी रीत पाळली. पाळली नसती तर ही गोष्टच घडली नसती, पण ते नंतरचं शहाणपण.

मिस हॉबडेला पहिल्या बादलीत उतरवलं. गरम पाण्यात सिल्की सुस्तावते, मान टाकते, म्हणून एक हात कायम हनुवटीखाली. डोक्यावर तर जपूनच. त्या केसांच्या झुपक्याखाली कवटीला मऊ जागा असते, नळाचा जरा टोला बसला तरी पक्षी कायमचा वाकडा होतो. पायांची पाच-पाच बोटं जुन्या टूथब्रशने घासली, दाढी बोटांनी मोकळी केली. तिला दुसऱ्या बादलीत ठेवलं आणि डाव्या हाताने धरून उजव्या हाताने तिसरीत नीळ टाकली. चार थेंब. तेवढ्यात फोन वाजला.

“व्हिनेगर घातलंस?” क्लाइव्ह.

“घातलं.”

“डोक्यावर थेट पाणी ओतू नकोस.”

“क्लाइव्ह, मी काल जन्मले नाही.”

फोन ठेवला. कोंबडी सावरली. नीळ घेतली, चार थेंब टाकले. ढवळणार तोच पुन्हा फोन. पाण्याची ऊब कोपराने बघ, बोटाने नको. मी म्हणाले, कोपराने बघतेय, ठेव आता. परत आले, डोकं तापलेलं. नीळ घेतली, चार थेंब. तिसरा फोन. कानाच्या पाळ्यांना तेल लावायचं विसरू नकोस. या वेळी मी फोनच बंद करून टाकला.

आणि पुन्हा चार थेंब टाकले की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. बारा किंवा सोळा. माझी ती तिसरी बादली निळ्या प्लास्टिकची होती, पाण्याचा रंग तिच्यात दिसत नाही. आणि पांढरी सिल्की ओली झाली की काळी दिसते. पिसं अंगाला चिकटतात आणि खालची काळी कातडी वर येते. त्या क्षणी तिच्याकडे बघून कुणालाच काही कळलं नसतं. मी नेहमीप्रमाणे शंभर मोजेपर्यंत तिला त्या पाण्यात धरलं, मग टॉवेलात गुंडाळलं आणि ड्रायर लावला.

सिल्की सुकायला तासभर लागतो. आधी पोटाखालचं सुकतं. मी मंद हवेवर बोटांनी पिसं उचलत होते, शीळही घालत होते. पोटाखालचा मऊ पुंजका फुलला आणि तो मला जरा निळसर वाटला. म्हटलं, खिडकीच्या उजेडामुळे असेल. मग मांडी सुकली. मग छाती. मी ड्रायर बंद केला आणि तिला खिडकीपाशी नेलं.

मिस हॉबडे निळी झाली होती. झाक वगैरे नाही, चांगली आभाळासारखी निळी. सिल्कीच्या फक्त कानाच्या पाळ्या निळ्या असाव्यात. हिच्या पाळ्या आता बाकी अंगात दिसेनाशा झाल्या होत्या.

 सगळ्यांत आधी डोक्यात काय आलं असेल? कोंबडी नाही, क्लाइव्ह नाही. नोएल ब्रॅकेटचं तोंड आलं. बुडवीन म्हणाली होती, बुडवली. शपथेवर सांगितलं तरी अख्ख्या क्लबात एक माणूस विश्वास ठेवणार नव्हता. मी तरी ठेवला असता का? आणि ज्या बाईने मत्सराने त्याची कोंबडी रंगवली, तिच्या हातात क्लाइव्ह चाळीस वर्षांची मेहनत कशाला देईल?

साडेबारा वाजले होते. मी पुन्हा पाणी तापवलं.

चूक होती. पाच वर्षांच्या कोंबडीला एका दिवसात दोनदा आंघोळ घालत नाहीत, आणि तेही जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात. मला ते कळत होतं. पण हात थांबत नव्हते. शाम्पू, व्हिनेगर, साधं पाणी, पुन्हा शाम्पू. पाणी निळं होत होतं आणि मला प्रत्येक वेळी वाटत होतं की आणखी एकदा, बस आणखी एकदाच. चौथ्या पाण्यात तिची मान माझ्या हातावर लुळी पडली.

“मिस हॉबडे,” मी म्हणाले. “ए बाई. ए!”

तुरा जांभळ्याचा काळा पडला होता. डोळे मिटलेले. मी तिला बाहेर काढलं, पाणी निथळायचीही वाट पाहिली नाही, स्वेटर वर केला आणि ओल्या कोंबडीला पोटाशी, कातडीला कातडी लावून धरलं. स्वयंपाकघरात गेले, ओव्हन लावला, त्याचं दार उघडून समोर जमिनीवर बसले. गार पाणी पोटावरून मांड्यांवर उतरत होतं. तिचं काळीज धडधडतंय की माझं, ते कळेना. डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे तासाचा रस्ता, तोवर ती जाणार. मी तिची पाठ चोळत राहिले. मला रडू आलं आणि स्वतःचा इतका संताप आला की दात दुखायला लागले. पक्षी मिळावेत म्हणून मी हा पक्षी मारत होते.

किती वेळ गेला ठाऊक नाही. मग स्वेटरच्या आत काहीतरी खरखरलं. पाच बोटांचा एक पाय माझ्या बरगडीवर रोवला गेला आणि नखं चांगली रुतली. नखं लागली म्हणून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मी तिला सुकवलं, अगदी हळूहळू, गरम भात भरवला. रंग उतरला होता, पण थोडाच. आभाळाऐवजी आता धुक्यातलं आभाळ म्हणा.

तीनला दहा मिनिटं असताना गाडीचा आवाज आला. नरेल आत आली नाही, गाडीतूनच तिने हात केला. क्लाइव्ह एकटा आला, खुर्चीवर बसला आणि डावा हात पुढे केला. मी मिस हॉबडेला त्याच्या मांडीवर ठेवलं. 

त्याने तिच्या अंगावरून हात फिरवला, पाठीवरची पिसं फुंकून पाहिली, तिला नाकापर्यंत उचललं.

“वा,” तो म्हणाला. “काय मऊ केलीस! पांढरीशुभ्र.”

मला वाटलं, टोमणा मारतोय. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो टोमणा नव्हता. तो खुशीत होता.

आणि त्या क्षणी मला कळलं की मी गप्प बसू शकते. उद्या सकाळी ती पिंजऱ्यात बसेल, कुणीतरी ओरडेल, आणि मी म्हणेन, माझ्याकडून गेली तेव्हा क्लाइव्ह स्वतः पांढरीशुभ्र म्हणाला होता, विचारा त्याला. घरी नेल्यावर काय झालं मला काय माहीत? शब्द अगदी ओठांवर तयार होते. इतके पटकन तयार झाले याचीच मला शिसारी आली.

“क्लाइव्ह, ती निळी आहे.”

“काय?”

“निळी. मी केली. नीळ जास्त पडली. मग धुवून काढायला गेले तर मरता मरता वाचली.”

त्याचा हात तिच्या पाठीवर थांबला. ओव्हनचं दार अजून उघडंच होतं.

“किती थेंब?”

“बारा. कदाचित सोळा. फोन आला की मी पुन्हा पहिल्यापासून टाकत होते.”

“मी तीनदा केला.”

“तुझ्यावर ढकलत नाहीये मी.”

“ढकल की. तेवढं तरी खरं आहे.” त्याने तिला पुन्हा डोळ्यांजवळ धरलं. मग म्हणाला, “किती निळी?”

“तुला दिसत नाही?”

“नाही,” क्लाइव्ह म्हणाला. “तीन वर्षं झाली, मला पांढरं आणि पिवळं वेगळं दिसत नाही. डोळ्याचा मागचा पडदा गेलाय. नरेलला सोडून कुणाला सांगितलेलं नाही. थेंब मोजून धुवायचो. सकाळी विचारलंस ना, मीच का म्हणून? रंग ओळखणारा डोळा या गावात तुझा आहे. म्हणून.”

 एवढ्या वर्षांत त्याने माझं केलेलं हे पहिलं कौतुक, आणि मांडीवर निळी कोंबडी.

“मुद्दाम नाही केलं, क्लाइव्ह. तू ठेवतोस ना विश्वास?”

“बुडवीन म्हणाली होतीस. मला आठवतंय.”

“म्हणाले होते. पण केलं नाही. ठेवतोस की नाही ते सांग.”

तो उठला. कोंबडी काखेत घेतली. “उद्या ती बसणार. नाव दिलंय, ती बसणार. मी दहाला येईन. तिथे सगळ्यांत पांढरी कुणाची आहे, ते मी तुला विचारेन, सगळ्यांसमोर. तू ज्या घराचं नाव घेशील त्या घरी माझे पक्षी जातील.”

“वेडा आहेस का? माझीच कोंबडी आहे त्यात!”

“आहे ना,” तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.

शनिवारी फुटबॉल क्लबच्या पत्र्याच्या हॉलमध्ये मी नऊला पोचले. आमच्या गटात पाच पिंजरे. दुसऱ्यात मिस हॉबडे, शिक्षा झालेल्या मुलीसारखी भिंतीकडे तोंड करून. नरेल तिला सकाळीच आणून बसवून गेली होती, आणि धुतली कुणी तेही सांगून गेली होती. तिसऱ्यात माझी ट्रेसी. चौथ्यात केरिनची. पिंजऱ्यांभोवती माणसांचा घोळका होता आणि मी जवळ गेले तसे सगळे एकदम चहाच्या टेबलाकडे बघायला लागले.

नोएल मात्र नाही. “ग्लेनिसबाई!” तो मोठ्यांदा म्हणाला. “बोलल्याप्रमाणे वागणारी माणसं हल्ली दुर्मीळ हो!”

“चूक झाली, नोएल. थेंब मोजताना चुकले.”

“हो, चूकच. अकरा वर्षं दुसरं येऊन मोजणी चुकणारच.”

दोघं-तिघं हसले. केरिन हसली नाही. ती माझ्याकडे बघायचं टाळून आपल्या कोंबडीच्या पायावरचा लाकडाचा भुसा वेचत राहिली. ते मला हसण्यापेक्षा जास्त लागलं. मी आणखी बोलू शकले असते, पण बोलून काय होणार होतं? मी तिथेच उभी राहिले. निघून गेले असते तर गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं.

दहाला क्लाइव्ह आला. प्लास्टरचा हात गळ्यातल्या झोळीत, डोक्यावर प्रदर्शनाची टोपी. परीक्षक अजून बदकांपाशीच होता. क्लाइव्ह सरळ पिंजऱ्यांपुढे आला आणि आवाज न चढवता म्हणाला, “ग्लेनिस, बघ आणि सांग. सगळ्यांत पांढरी कुणाची?”

 नोएलच्या हातातला लॅमिंग्टन केक तोंडापाशीच राहिला.

मी ट्रेसीचा पिंजरा उघडला. वरून ती सुरेख दिसत होती. पण काल त्या प्रकारानंतर मला निळीच्या बाटलीला हात लावायचा धीर झाला नव्हता. तिला मी नुसतं साबणाने धुतलं होतं. मी खांद्यावरची पिसं वर केली. मुळाशी पिवळं होतं, लोण्यासारखं. हॉलमधल्या त्या मंद ट्यूबलाइटखाली ते वरून कुणाला दिसलं नसतं. परीक्षकाला कदाचित. क्लाइव्हला तर कधीच नाही.

मग तशाच, पिंजऱ्यात हात घालून, पहिली आणि पाचवी पाहिल्या, शेवटी केरिनची. खांदा, पंखाखाली, मान, शेपटीची मुळं. एकेक जागा पाहिली, आणि खरं सांगते, डाग सापडावा म्हणून पाहिली. एवढासा, बोटभर पिवळा डाग. नव्हता. शाळेतल्या खडूसारखी होती ती, आतून बाहेरून.

चौदा पक्षी. माझ्या आवारातला उत्तरेकडचा खुराडा मी मेमध्येच रिकामा करून ठेवला होता, हे मी कुणाला बोलले नव्हते. तोंडात एकच शब्द आणायचा होता, स्वतःच्या कोंबडीचं नाव.

“चौथी,” मी म्हणाले. “केरिनची.”

“आणि तुझी?”

“माझी खांद्याला पिवळी आहे. पहिली आणि पाचवीसुद्धा माझ्याहून बऱ्या.”

“नक्की?”

“एकदा सांगितलं ना!” मी ओरडलेच.  ओरडले नसते तर रडले असते.

क्लाइव्हने मान हलवली. “केरिन, सोमवारी खोकी घेऊन ये. तेरा.”

केरिनचं तोंड उघडंच राहिलं. “चौदा आहेत ना, क्लाइव्ह? तुम्हीच म्हणाला होतात.”

“तुला तेरा. मिस हॉबडे ग्लेनिसची.”

 मी पुढे झाले आणि हलक्या आवाजात म्हणाले, “मला तुझी दया नकोय, क्लाइव्ह.”

“दया?” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. “पाच वर्षं ही बया रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर झोपते. बाकीच्या तेरांना हात चांगला असला की पुरे. हिला मी अशाच बाईकडे देईन जिच्यावर माझा विश्वास आहे. निळी असू दे, नाहीतर हिरवी.”

मी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि मिस हॉबडेला छातीशी घेतलं. परीक्षण संपल्याशिवाय पक्षी बाहेर काढायचा नाही, काढला तर बाद, असं नोएल मागून ओरडत होता. मी तिला स्वेटरच्या आत घातलं आणि तशीच उभी राहिले.